गव्हाणीतून पोटात जाणारं प्लास्टिक: पिशवी काढता येते, बारीक कणांचं काय?

यवतचा_गोठा | ८ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पुणे-सोलापूर रस्त्याला यवतजवळ आमचा गोठा आहे. लहानमोठी एकोणीस जनावरं, त्यातल्या अकरा एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई दुधात. मे महिन्यात एका गाईनं चारा सोडला. दोन दिवसांआड पोट फुगायचं, औषध पाजलं की उतरायचं, परत फुगायचं. रवंथ जवळजवळ बंद. अठरा लिटरवरून सहावर आली. शेवटी डॉक्टरांनी डावी भकाळी (पोटाची डावी बाजू) उघडली.

आजवर मी समजत होतो की प्लास्टिक खातात त्या शहरातल्या मोकाट गाई. आमची ही गाय दावण सोडून रस्त्यावर कधी गेलेली नाही. तिच्या पोटातून मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) पिशवीचे तुकडे निघाले, पेंढ्या बांधायची निळी दोरी निघाली, पेंडीच्या गोणीचे पांढरे धागे निघाले आणि मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, निघाला. सगळं एकमेकांत गुंतून, वर पांढरट थर बसून दगडासारखा गोळा झालेला. वजन केलं, साडेनऊ किलो. गाय वाचली. आज सकाळी बारा लिटर दिलं.

हात धुताना डॉक्टर म्हणाले, "हाताला लागलं ते काढलं. झिजून बारीक झालं ते हिच्या अंगात कुठवर गेलं असेल?" तेव्हापासून झोप नीट नाही. ते कण रक्तात जातात का? दुधात उतरतात का? दोन गाई सारख्या उलटतायत, म्हणजे भरवूनही गाभण न राहता परत माजावर येतायत, त्याचा याच्याशी संबंध असेल का? आणि गोठ्यात आधी काय बदलू? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहा.

कोथरूडची_अनघा | ८ जुलै, रात्री १०.०५

दादा, गाय वाचली हे वाचून जीव भांड्यात पडला. आमच्या घरी रोज दीड लिटर दूध येतं, मुलगी चार वर्षांची आहे. दुधाबद्दल कुणी जाणकारांनी लिहिलं तर फार बरं होईल.

भुलेश्वर | ८ जुलै, रात्री १०.३१

साडेनऊ किलो!! बापरे. आमच्या शेजाऱ्यांची गाय याच लक्षणांनी गेली होती, कापली तेव्हा कळलं. तुम्ही वेळेत निर्णय घेतलात.

पशुवैद्य_जुन्नर | ८ जुलै, रात्री ११.२०

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलो, आता जुन्नर भागात प्रॅक्टिस करतो. अशी पोटं बरीच उघडली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

शेळी ओठांनी निवडून पाला खाते. गाय तसं करत नाही. ती जीभ गुंडाळून घास ओढते, अर्धवट चावून गिळते आणि नंतर निवांत रवंथ करते. गव्हाणीत चाऱ्याबरोबर जे पडलं ते आत गेलं असंच समजायचं. पहिला कप्पा कोटीपोट, मोठ्या गाईत शंभर-दीडशे लिटरचा. त्याला लागून जाळीपोट, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखं. तिथून पुढं जायची वाट अरुंद आहे आणि चारा पुरेसा बारीक झाल्याशिवाय ती त्याला पुढं सोडत नाही. पिशवी बारीक होत नाही, म्हणून पुढं सरकत नाही आणि ढवळून ढवळून तिचा गोळा होतो. गोळ्यानं जागा अडली की गाईला पोट भरल्यासारखं वाटतं आणि ती खाणं कमी करते. गोळा वाटेवर बसला तर ढेकर अडते, वायू कोंडतो. यवतच्या दादांनी लिहिलेली पुन्हा पुन्हा येणारी पोटफुगी ती हीच. सोबत तार किंवा खिळा असेल तर तो जाळीपोट भोसकून हृदयाच्या आवरणापर्यंत जातो. लोखंडासाठी जाळीपोटात चुंबक सोडता येतो. प्लास्टिकला तसा उपाय नाही, पोट उघडावंच लागतं.

चेन्नईत २०१९ साली एका गाईच्या पोटातून ५२ किलो प्लास्टिक काढलं होतं. फरिदाबादला २०२१ मध्ये ७१ किलो निघालं, ती गाय गाभण होती, दोघंही गेली. त्या शहरातल्या मोकाट गाई होत्या. पण माझ्याकडे आता दावणीच्या गाई येतात, आणि त्यांच्या पोटातला माल वेगळा असतो. कॅरीबॅग कमी आणि शेतीतलं प्लास्टिक जास्त.

बारीक कणांवर उद्या लिहितो, पहाटे एका कालवडीला बघायला जायचंय.

सिंहगडरोडकर | ९ जुलै, सकाळी ८.१५

मी तर वाचलं होतं की गाईच्या पोटातले जिवाणू प्लास्टिक पचवतात. ऑस्ट्रियात प्रयोग झालाय म्हणे. मग बारीक कण विरघळूनच जात असतील ना?

पाषाणचे_काका | ९ जुलै, सकाळी ९.०२

@सिंहगडरोडकर, प्रयोग खरा आहे. २०२१ साली व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी तो केला. पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ निघत नाही. माझी अख्खी नोकरी पॉलिमरमध्ये गेली, म्हणून हे स्पष्ट करतो.

त्यांनी कत्तलखान्यातून गाईच्या कोटीपोटातलं पाणी आणलं आणि त्यात तीन प्रकारचे पॉलिएस्टर ठेवले. पाण्याच्या बाटलीचं पीईटी त्यातलं एक. पॉलिएस्टरच्या साखळीत एस्टरचे सांधे असतात. गवताच्या पानावरचा मेणासारखा थरही तसल्याच सांध्यांचा असतो, तो तोडायची विकरं (एन्झाइम) जिवाणूंकडे आधीपासून असतात, म्हणून काही प्रमाणात पॉलिएस्टर तुटलं. यवतच्या गाईच्या पोटातला माल कुठला? मुरघासाची पिशवी आणि मल्चिंग पेपर पॉलिइथिलीनचे, गोणी पॉलिप्रॉपिलीनची. यांच्यात सगळी कार्बनची सलग साखळी, सांधाच नाही. विकर धरणार कुठं? हे प्लास्टिक पचत नाही, फक्त घासून झिजतं आणि तुकडे लहान होत जातात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. तो शब्द या अर्थानं रूढ झाला २००४ पासून, समुद्रकिनाऱ्यांवरच्या अभ्यासामुळं. म्हणजे गोष्ट आधी माशांपासून सुरू झाली, गोठ्याकडं लक्ष फार उशिरा गेलं.

सिंहगडरोडकर | ९ जुलै, सकाळी ९.२०

समजलं काका, धन्यवाद. घरच्या ग्रुपवर मी तीच बातमी पुढं पाठवली होती, आता हेही पाठवतो.

नाना_इंदापूर | ९ जुलै, दुपारी १.४५

मला हा धागा पटत नाही, स्पष्ट बोलतो. गाईच्या पोटात दोरी निघाली, ती काढली, विषय संपला. दिसत नाही त्या कणांच्या मागं लागून काय करणार? उद्या टीव्हीवर लावतील "दुधात प्लास्टिक" म्हणून, आणि भाव कुणाचा पडंल? आमचाच. पेंड महाग, मजूर मिळंना, दुधाला दर नाही, त्यात आणि हे. शहरातल्या माणसानं दूध बंद केलं तर त्याचं काही अडत नाही. माझ्या घरात तीन पोरांची शिक्षणं ह्याच दुधावर झालीत.

कोथरूडची_अनघा | ९ जुलै, दुपारी २.१०

नाना, मी दूध बंद करायला विचारलं नव्हतं हो. दूध चालूच राहणार आहे. ते जिथून येतं तिथं काय अडचण आहे ते कळावं एवढंच.

पशुवैद्य_जुन्नर | ९ जुलै, रात्री ९.५५

नानांची काळजी खरी आहे, पण लपवून भाव टिकत नाही. जेवढं ठाम माहीत आहे तेवढंच लिहितो.

२०२२ साली ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठानं नेदरलँड्समधल्या जनावरांवर एक छोटी प्राथमिक पाहणी केली. गाईच्या रक्ताचे १२ नमुने तपासले, बाराही नमुन्यांत प्लास्टिक सापडलं. दुधाच्या २५ पैकी १८ नमुन्यांत सापडलं. आता गोठेवाल्यांनी नीट वाचा: कांडी पेंडीच्या (दाबून कांड्या केलेल्या खाद्याच्या) बाराच्या बारा नमुन्यांत प्लास्टिक होतं, ताज्या चाऱ्यात नव्हतं. नमुने थोडे आहेत, त्यावरून जगभराचा निष्कर्ष काढता येत नाही. पण कण गाईच्या रक्तापर्यंत जातात एवढं त्यातून दिसलं. त्याच विद्यापीठाला त्याच वर्षी माणसांत २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात ते सापडले होते. तेव्हा हा फक्त गाईचा प्रश्न नाही.

दुधाबद्दल अनघाताईंसाठी. मेक्सिकोत २०२० साली बाजारातल्या दुधाचे २३ नमुने तपासले गेले. सगळ्यांत कण होते, लिटरमागं सरासरी साडेसहा. पण कारखान्यात दूध गाळायचे पडदे ज्या प्लास्टिकचे असतात, त्यातले बरेच कण त्याच प्लास्टिकचे होते. म्हणजे दुधात सापडलेला प्रत्येक कण गाईच्या सडातून आला असं नसतं. धार काढल्यापासून पिशवीपर्यंत दूध किती नळ्यांतून जातं ते बघा. मिल्किंग मशीनची पीव्हीसीची नळी मऊ राहावी म्हणून थॅलेट घालतात आणि थॅलेट स्निग्धांशात उतरतं. मशीन वापरणाऱ्यांनी कडक झालेल्या, चिरा पडलेल्या नळ्या वर्षानुवर्षं ओढू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या अहवालात म्हटलंय की माणसाच्या तब्येतीवरचा धोका ठरवायला आजचा पुरावा अपुरा आहे. तेव्हा मुलीचं दूध खुशाल चालू ठेवा.

नाना_इंदापूर | ९ जुलै, रात्री १०.१०

डॉक्टर, कांडी पेंडीत प्लास्टिक येतंच कसं? ती तर धान्याची.

हडपसर_दूधवाला | ९ जुलै, रात्री १०.४८

नाना, कांडीचं नक्की माहीत नाही, पण माझ्याकडं खाद्यात प्लास्टिक कसं येतं ते सांगतो. माझा गोठा शहराच्या कडेला, हिरवा चारा परवडत नाही. पाव, टोस्ट, बिस्किटांचा उरलेला माल पोत्यानं येतो. त्यात वेष्टनं तशीच. पोरगा हातानं सोडवायचा, पण घाईच्या दिवशी कुणी सोडवत नाही. एका पुरवठादारानं तर वेष्टनासकट दळलेला भुगा आणून दिला. पाण्यात कालवला की वर चमचम करणारे तुकडे तरंगायचे. मी तो माल परत केला, पण त्याच्या आधीचे किती महिने माझ्या गाईंनी तो खाल्ला, त्याचा हिशोब लागत नाही. दुसरं म्हणजे मार्केट यार्डातला कोबी-फ्लॉवरचा पाला. त्यात रबर, जाळी, पिशव्या सगळं असतं. आता मी पाला ताडपत्रीवर पसरून झटकून घेतो. रोजचा पाऊण तास जातो.

टोमॅटो_नारायणगाव | १० जुलै, सकाळी ७.३०

मल्चिंगला सगळे नावं ठेवतील म्हणून आधीच लिहितो. मल्चिंगमुळं माझं पाणी वाचतं, तण काढायची मजुरी वाचते, फळ मातीला टेकत नाही. ते सोडा म्हणणाऱ्यानं एकदा मे महिन्यात रानात यावं. अडचण पुढची आहे. पंचवीस मायक्रॉनचा कागद पाच महिने उन्हात राहिला की हात लावताच फाटतो. मोठे पट्टे निघतात, किनारीचा मातीत दाबलेला भाग तुटून आतच राहतो. मजूर म्हणतो, रोटर (ट्रॅक्टरचं माती भुसभुशीत करायचं यंत्र) मारा. रोटर मारला की एका पट्ट्याचे हजार तुकडे. त्यात पुढं मका येतो, तो मुरघासाला जातो. कापणी यंत्र जमिनीलगत चाललं की माती आणि कागद दोन्ही कुट्टीत. यवतच्या दादांच्या गोळ्यात मल्चिंग पेपर कसा आला ते मला वाचताक्षणी कळलं, कारण तसला मका मीही विकलाय. वाईट वाटलं.

पशुवैद्य_जुन्नर | १० जुलै, दुपारी ३.१५

@टोमॅटो_नारायणगाव, हे उघड लिहिलंत, मोठं काम केलंत.

तुमच्या रानासारख्याच रानांचा अभ्यास स्पेनमध्ये झालाय. तिथल्या आग्नेय भागात मल्चिंगवर भाजीपाला घेतात आणि काढणीनंतर मेंढ्या चारतात. आपल्याकडं धनगर मेंढ्या बसवतात तसंच. २०२१ साली प्रसिद्ध झालं: मेंढ्यांच्या लेंड्यांच्या ९२ टक्के नमुन्यांत मायक्रोप्लास्टिक. रानातून मेंढीत, मेंढीतून लेंडीखतात, खतातून परत रानात. आपलं शेणखतही याच वाटेनं फिरतं.

कागदकाच_ताई | १० जुलै, सायंकाळी ६.४०

मी पुण्यातल्या कचरावेचक महिलांबरोबर बरीच वर्षं काम करते. शहराचा वाटा मी सांगते.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून टाकतात. तो चिमुकला त्रिकोण ओल्या कचऱ्यात जातो. पिशवी भंगारात विकली जाते, कोपरा कुणीच वेचू शकत नाही. ओला कचरा खताला जातो, काही ठिकाणी थेट जनावरांपुढं. कोपरा अर्धाच कापला, पिशवीला लटकत ठेवला, तर ही गोष्ट आजच्या आज थांबते. तसंच उरलेलं अन्न कॅरीबॅगेत गाठ मारून "गाईला होईल" म्हणून कोपऱ्यावर ठेवू नका. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट खाते.

२०१८ मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदी आणली, तेव्हा आमच्या बायका म्हणाल्या होत्या, आता बघू. कॅरीबॅग काही काळ खरंच कमी झाली. पण त्या बंदीतून शेती आणि रोपवाटिकेचं प्लास्टिक वगळलेलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा २०२१ चा आकडा आहे, शेती-पशुपालनात जगभर वर्षाला सव्वा कोटी टन प्लास्टिक वापरलं जातं. त्याचा भंगारवाला कुठे आहे? मातीनं भरलेला मल्चिंग पेपर आमच्याकडंही कुणी घेत नाही, धुवायचा खर्च परवडत नाही.

सदाशिवपेठी_आजी | १० जुलै, रात्री ८.२२

पितृपक्षात मी गोग्रास घेऊन जाते. पूर्वी केळीच्या पानावर, नाहीतर पळसाच्या पत्रावळीवर. पत्रावळीसकट गाय खाऊन टाकायची. गेल्या वर्षी चकचकीत द्रोणात नेलं आणि गाईनं द्रोणही खाल्ला. त्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो हे नातवानं घरी आल्यावर सांगितलं. रात्रभर चुटपुट लागली. यंदा वसुबारसेला आणि पितृपक्षालाही केळीचं पान नेणार, आणि ते मिळालं नाही तर हातानं भरवणार. बाकीच्यांनीही लक्षात ठेवा, बाळांनो.

भुलेश्वर | १० जुलै, रात्री ९.००

आजी, पोळ्याच्या प्लास्टिकच्या माळांचंही तेच. आमच्या बैलानं शेजारच्याच्या गळ्यातली माळ ओढून खाल्ली होती. तेव्हापासून झेंडूच.

यवतचा_गोठा | १० जुलै, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. नाना, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण तीच भीती माझ्याही मनात होती म्हणून दोन महिने लिहिलं नाही. पण हे प्लास्टिक कुणी बाहेरून टाकलेलं नाही, माझ्याच हातानं गव्हाणीत गेलंय. म्हणून हातच बदलायचे ठरवलेत.

काल दिवसभर गोठ्यात नुसता उभा राहून बघत होतो. गोणी उघडताना शिवणीचा दोरा कुठं पडतो? गव्हाणीत. जुन्या गोणीला उन्हानं पापुद्रे सुटलेत, झटकली की पांढरी कुसळं उडतात, ती कुठं पडतात? ओल्या पेंडीवर. मुरघासाची पिशवी आम्ही विळ्यानं फाडत होतो, जिथं हात लागेल तिथं. निळी दोरी कडबाकुट्टीच्या तोंडाशीच कापत होतो, तुकडे सरळ कुट्टीत. एका दिवसात एवढं दिसलं.

राहिला तो उलटण्याचा प्रश्न. डॉक्टर, त्यावर लिहाल का?

पशुवैद्य_जुन्नर | १० जुलै, रात्री ११.४०

लिहितो. २०२३ मध्ये एक अभ्यास आला. त्यात स्त्रियांच्या आणि गाईंच्याही बीजांडकोशातल्या द्रवात मायक्रोप्लास्टिक सापडलं. प्रयोगशाळेत पॉलिस्टायरिनचे कण घातल्यावर गाईची बीजांडं नीट परिपक्व होईनात. उंदरांवरच्या प्रयोगांत आतड्याला सूज आणि यकृताला इजा दिसलीय, पण तिथं कणांची मात्रा मोठी होती. तेव्हा काळजीला जागा आहे.

तरीही तुमच्या दोन गाईंचं खापर कणांवर फोडू नका. आधी माज वेळेत ओळखला जातोय का बघा. खनिज मिश्रण रोज देता का? गर्भाशयात संसर्ग आहे का, विल्यानंतर किती दिवसांनी भरवल्या, उन्हाळ्याचा ताण किती होता? एचएफ गाय मे महिन्यात उलटणं हे आपल्याकडं नेहमीचं आहे. दोघींची तपासणी करून घ्या. कोटीपोटात गोळा असलेली गाय पोटभर खात नाही, आणि अर्धपोटी गाय गाभण राहायला त्रास देते. त्यामुळं सारखी पोटफुगी असेल तर तेही सांगा.

मुरघासाच्या पिशवीचं तोंड एकदाच सरळ कापा, कापलेला तुकडा लगेच खिशात. दोरी गोठ्याबाहेर सोडा, मोजून. दहा पेंढ्या आल्या तर दहा दोऱ्या डब्यात पडल्या पाहिजेत. मका जमिनीपासून वीतभर वर कापायला सांगा. धाटाचा बुडखा थोडा वाया जाईल, पण माती आणि कागद रानातच राहतील.

टोमॅटो_नारायणगाव | ११ जुलै, सकाळी ६.५०

वीतभराचं मान्य. यंदा कागद काढल्याशिवाय रोटर मारणार नाही, आणि मल्चिंगच्या रानातला मका असेल तर घेणाऱ्याला आधी सांगीन.

नाना_इंदापूर | ११ जुलै, सकाळी ११.१५

सकाळी चाळणी घेऊन बसलो. एका पोत्याच्या पेंडीत सात धागे आणि निळ्या दोरीचा बोटभर तुकडा. कांडी हातानं फोडली, त्यात एक लाल चकती. बायको म्हणाली, आता रोज चाळा. मी मागं विरोध केला होता, पण दोऱ्या मोजायचं काम आजपासून चालू केलंय. पेंडवाल्यालाही फोन लावतो. पैसे मी देतो तर माल स्वच्छ पाहिजे.

यवतचा_गोठा | ११ जुलै, रात्री ८.०५

नाना, चाळणी कुठल्या भोकाची घेतली? आणि पुण्यात तागाची सुतळी आणि बारदान कुठं मिळेल? आमच्याकडं दुकानात सगळं प्लास्टिकचंच.

नाना_इंदापूर | ११ जुलै, रात्री ८.२०

गव्हाची, घरातलीच. कांडी वर राहते, भुगा आणि बारके धागे खाली पडतात. वर राहिलेल्यातून मोठा कचरा हातानं वेचायचा.

हडपसर_दूधवाला | ११ जुलै, रात्री ८.४४

मार्केट यार्डात भुसार बाजाराकडं चौकशी करा, जुनी बारदानं तिथं मिळतील. सकाळी लवकर या, मी शुक्रवारी असतोच.

पशुवैद्य_जुन्नर | ११ जुलै, रात्री ९.३०

बारदान धान्याचंच बघून घ्या. बियाण्याचं घेऊ नका, त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं.

यवतचा_गोठा | ११ जुलै, रात्री ९.५०

बरं झालं सांगितलंत डॉक्टर. शुक्रवारी येतो. आज संध्याकाळी ती गाय तेरा लिटरवर आली, आणि दावणीला बसून रवंथ करत होती.